कोरड्या बोअरचा हिशेब

बीड जिल्हा जवळजवळ सगळाच बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा पाषाण घडला. एकेका थराचा मधला भाग घट्ट असतो, तर वरचा भाग सच्छिद्र असून दोन थरांच्या सांध्यात कित्येकदा तांबड्या गेरूचा मऊ पट्टा आढळतो. जिल्ह्यात धातूंच्या खाणी नाहीत. आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत जमिनीला भोक पाडले जाते ते मुख्यतः पाण्यासाठी. खनिजांच्या शोधातही विंधनच करतात, पण तेथे भोक पाडण्याचा पहिला हेतू माहिती मिळवणे हा असतो, आणि नेमका हाच हेतू बोअर घेताना मागे पडतो.

गावोगावी फिरणारी गाडी ‘डीटीएच’ पद्धतीने काम करते. कंप्रेसरच्या दाबाची हवा नळ्यांमधून तळाच्या हातोड्यापर्यंत जाते, हातोडा टंगस्टन कार्बाइडची बटणे बसवलेल्या बिटवर वेगाने आघात करतो आणि तीच हवा खडकाचा चुरा वर फेकते. काम झपाट्याने होते. मात्र खडक अखंड हाती येत नाही आणि चुऱ्यात वरखालचे तुकडे मिसळण्याचा धोका राहतो. तरीही जाणता चालक धुरळ्यावरून बरेच ओळखतो. करडी, बारीक भुकटी घट्ट पाषाणाची, तांबडा धुरळा गेरूच्या पट्ट्याचा, पांढऱ्या स्फटिकांचे तुकडे पोकळ्या भरलेल्या थराचे. आणि धुरळा थांबून चिखल येऊ लागला की ओल लागली असे समजतात.

खनिजांच्या अन्वेषणात या पद्धतीच्या जोडीला हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ बिट वापरतात. ती गोल फिरत खडक कापते आणि मधला दंडगोल, म्हणजे गाभा, अखंड वर येतो. तो खोलीच्या क्रमाने पेट्यांत मांडून त्याची नोंद करतात. ही पद्धत संथ आणि महाग असली, तरी कोणता थर कोठे सुरू होतो हे तिच्यातून नेमके कळते. शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर 617 मीटर खोल विंधन झाले. त्यात बेसाल्टची जाडी 338 मीटर भरली, त्याखाली 8 मीटर गाळाचे थर आणि मग प्राचीन स्फटिकी खडक लागले.

खनिजांच्या शोधात विंधनांच्या आखणीचा क्रमही ठरलेला असतो. आधी नकाशा व भूभौतिक मोजणी, मग दूर अंतरावरची मोजकी विंधने, आणि आशा दिसल्यास त्यांच्यामध्ये दाट जाळे, असा खर्च टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. खनिजाची शीर उभी असेल तर उभे भोक तिला समांतर जाऊन चुकण्याची शक्यता असते, म्हणून ते तिरपे घेतात. बेसाल्टमधल्या उभ्या भेगांनाही हाच नियम लागू पडतो. केवळ खोली वाढवल्याने बाजूची भेग सापडत नाही. शिवाय ज्या भोकात खनिज लागत नाही ते वाया गेले असे कोणी मानत नाही, कारण साठ्याची हद्द त्यावरूनच ठरते आणि पुढचे भोक कोठे घ्यावे हेही कळते.

बीडमध्ये मात्र कोरडी बोअर म्हणजे निव्वळ तोटा समजला जातो. गाडी हलते, चुरा वाऱ्यावर उडतो आणि शेजारचा शेतकरी त्याच थरात पुन्हा पैसा घालतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 मध्ये 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणि विंधन यंत्रांची नोंदणी यांची तरतूद आहे. पण शेतकऱ्याला उपयोगी पडणारी नोंद बांधावरच होऊ शकते. दर 10 फुटांना मूठभर चुरा क्रमाने मांडून ठेवावा, तांबडा पट्टा, ओल आणि पाणी किती फुटांवर लागले ते वहीत लिहावे, आणि बोअर कोरडी गेली तरी ती वही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला दाखवल्याशिवाय दुसरी जागा ठरवू नये.