जुनी हत्यारं, नवा बाजार

घाटकोपर, कुर्ला, विक्रोळी, भांडुप हा एकेकाळचा कारखान्यांचा पट्टा. लाल बहादूर शास्त्री मार्गावर जिथे पाळीचे भोंगे वाजत, तिथे आज ठिकठिकाणी मॉल आणि उंच इमारती दिसतात. कारखाने गेले, पण फिटर, टर्नर, सुतार यांची हत्यारं काही एका दिवसात नाहीशी झाली नाहीत. कुणाची लाकडी पेटीत माळ्यावर राहिली, कुणाची किलोच्या भावानं भंगारात गेली, तर कुणाची भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात शुक्रवारी रस्त्यावर मांडली गेली. आता असे रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटं मोबाइलच्या पडद्यावरही विकायला असतात. घेणारेही आहेत. कुणाला निवृत्तीनंतर सुतारकामाचा छंद लागतो, कुणाला जुन्या पोलादाची धार हवी असते, तर कुणाला आजोबांच्या हातात होता तसाच रंधा हवा असतो.

चोरबाजारात आपण वस्तू उचलतो, नखानं गंज खरवडतो, पात्यावर टिचकी मारून पाहतो. पडद्यावर यातलं काहीच करता येत नाही. म्हणून तिथे हत्याराच्या आधी विक्रेता पारखावा लागतो. त्याची एक साधी कसोटी आहे. जो वस्तूचं वय सांगत सुटतो त्याच्यापेक्षा, जो तिचे दोष आपणहून सांगतो तो विक्रेता बरा.

वयाचे दावे किती तपासता येतात ते पाहू. समजा, जाहिरातीत ‘१८५७ सालचा स्टॅनले कंपनीचा लोखंडी रंधा’ असं लिहिलंय. लिओनार्ड बेली याच्या रंध्यांचे हक्क अमेरिकेतल्या स्टॅनले कंपनीनं १८६९ साली घेतले. त्याआधीचा स्टॅनले-बेली रंधा असणार कसा? पातं डावी-उजवीकडे सरळ करणारी छोटी दांडी या रंध्यांना १८८५च्या सुमारास आली. शेफिल्डच्या ‘रेकॉर्ड’ या नावाचे रंधे १९३१पासून बाजारात आले. पात्यावर ‘कास्ट स्टील’ असा ठसा असेल, तर गोंधळू नका. ते ओतीव लोखंड, म्हणजे आपलं बीड नव्हे. ते मुशीत वितळवून केलेलं उत्तम पोलाद. शेफिल्डला ही रीत बेंजामिन हंट्समन यानं १७४०च्या दशकात आणली. उलट ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं लिहिलेला पाना एकोणिसाव्या शतकातला म्हणून कुणी विकत असेल, तर तिथून काढता पाय घ्यावा.

आपल्याकडे रेल्वेच्या अक्षरांचं आकर्षण मोठं. जी.आय.पी. रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि १९५१ साली ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. तेव्हा ‘जी.आय.पी.आर.’ अशी अक्षरं असलेला हातोडा १९५१च्या आधीचा, असा हिशेब कुणीही करील. पण अक्षरं ठोकायचे पंच आजही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. म्हणून अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागवावा. जुना ठसा भोवतालच्या लोखंडाबरोबर झिजलेला आणि काळवंडलेला असतो. हत्यार झिजलेलं आणि अक्षरं मात्र लखलखीत, धारदार कडांची, असं दिसलं तर शंका घ्यावी.

आता दोषांकडे वळू. रंध्याचं अंग बिडाचं असतं आणि बीड पडलं की तडकतं. तडा बहुधा पातं जिथून बाहेर येतं त्या फटीपाशी, नाहीतर बाजूच्या भिंतीला असतो. त्या जागांचे फोटो मागवा. पात्याचा मागचा सपाट भाग पाहा. वरवरचा गंज निघतो, पण धारेपाशी खड्डे पडले असतील तर धार कधीच सरळ लागत नाही. धारेजवळ निळसर झाक दिसली, तर ग्राइंडरवर तापून पोलादाचं पाणी उतरलेलं असू शकतं. पातं किती शिल्लक आहे, तेही मोजून सांगायला सांगा. आणि जुनी वस्तू तारेच्या ब्रशनं घासून आरशासारखी चकचकीत केली असेल, तर संग्राहकाच्या लेखी तिचं मोल वाढत नाही, घटतं.

हे सगळं विचारल्यावर विक्रेता काय करतो, यावर पुष्कळ कळतं. ज्याच्या हातात वस्तू आहे, तो वजन करून सांगतो, त्या दिवसाच्या वर्तमानपत्राशेजारी रंधा ठेवून फोटो पाठवतो, व्हिडिओ कॉलवर स्क्रू फिरवून दाखवतो. ज्यानं फोटोच दुसरीकडून उचललाय, तो ‘तीन गिऱ्हाइकं थांबलीत, आधी पैसे पाठवा’ म्हणतो. इंटरनेटवर फोटोवरून फोटो शोधण्याची सोय आहे, तीही वापरून पाहावी.

कायदा काय सांगतो, तेही माहीत हवं. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. त्यांनुसार विक्री-मंचानं विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायचा असतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. पण नेमानं धंदा न करणारा, घरातलं एखादं हत्यार विकणारा माणूस या नियमांखाली येत नाही. तिथे आपलं संरक्षण आपणच. असा विक्रेता मुंबईतलाच असेल, तर घाटकोपर स्टेशनसारख्या वर्दळीच्या ठिकाणी भेटावं, वस्तू हातात घ्यावी, मग पैसे द्यावेत. भेटायचं टाळून ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, सामान लगेच काढायचंय’ असं सांगणाऱ्यांनी अनेकांना फसवलं आहे.

‘अँटिक’ या शब्दालाही कायद्याचं वजन आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार, पूर्वीच्या काळातल्या विज्ञानावर वा कारागिरीवर प्रकाश टाकणारी, किमान १०० वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. तेव्हा ‘दीडशे वर्षांचं अस्सल अँटिक, परदेशातही पाठवू’ असं म्हणणारा एक तर वय फुगवून सांगतो आहे, नाहीतर त्याला कायदा ठाऊक नाही.

पैशांबाबत एवढं ध्यानात ठेवा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नाही. ‘परतावा देतो, कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी सांगितलं की तिथेच थांबा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावं. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५वर. पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा. पातं सुटं करून, अंग वेगळं गुंडाळून पाठवा, असं आधीच लेखी सांगावं.

शेवटी, विक्री-मंचाच्या नावावर फार विसंबू नये. मुंबईत सुरू झालेली बाझी ही वेबसाइट २००४ साली ईबेनं घेतली आणि ईबेचा भारतातला मंच ऑगस्ट २०१८मध्ये बंद झाला. मंच बंद पडला की तिथले शेरे आणि तारेही कामाचे राहत नाहीत. म्हणून चांगला विक्रेता सापडला, की त्याचं नाव, फोन, पत्ता आपल्या वहीत लिहून ठेवावा. पहिल्यांदा त्याच्याकडून एखादी साधी पटाशी घ्यावी. सांगितलेला दोष तेवढाच निघाला, न सांगितलेला एकही निघाला नाही, तर पुढच्या वेळी रंधा खुशाल मागवावा.