गिनीपिगमधील श्वसनविकार व घुसमट : ओळख, तातडीची उपाययोजना आणि खानदेशातील प्राणीगृहे

सारांश

गिनीपिग हा प्रामुख्याने नाकानेच श्वास घेणारा, आजार लपविणारा व ओकारी काढू न शकणारा प्राणी आहे. त्यामुळे त्याच्या श्वसनाचा त्रास उशिरा लक्षात येतो आणि घाईने केलेला उपाय अनेकदा अपाय ठरतो. प्रस्तुत लेखात या प्राण्याची घशाची रचना, श्वसनविकाराची लक्षणे, घशात घास अडकल्यास करावयाची कृती आणि जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या हवामानात घ्यावयाची काळजी यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : गिनीपिग, श्वसनविकार, घुसमट, प्राणीगृह, खानदेश.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील वैद्यक संशोधनाशी गिनीपिगचा संबंध शतकाहून जुना आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतील प्लेग संशोधकांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग ठेवून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवांचा अभ्यास केला आणि रोगप्रसारातील पिसवांचा वाटा स्पष्ट केला. आपल्याला ज्ञान देणाऱ्या या प्राण्याविषयी आपले स्वतःचे ज्ञान मात्र आजही तोकडे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्र व जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन आणि प्राणिप्रयोग थांबविण्याचे निर्देश दिले. त्यानंतर महाविद्यालयांतील प्राण्यांची संख्या घटली असली, तरी औषधनिर्माणशास्त्र व वैद्यक शाखांतील मान्यताप्राप्त संशोधनासाठी प्राणीगृहे चालविली जातात. जळगाव, धुळे, शिरपूर, चोपडा, फैजपूर अशा ठिकाणी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण दिले जाते. तेथील अध्यापकांपैकी ज्यांच्याकडे मार्गदर्शक, संशोधक किंवा संस्थात्मक प्राणी नीतिशास्त्र समितीचे सदस्य म्हणून जबाबदारी येते, त्यांच्यासाठी हा विषय निव्वळ पशुवैद्यकाचा राहत नाही. शिवाय आता काही घरांतून गिनीपिग हौसेने पाळला जातो व त्याच्या आजाराविषयीची विचारणाही शेवटी प्राणिशास्त्राच्या अध्यापकाकडेच येते.

२. घशाची व श्वसनमार्गाची रचना

मनुष्याचे नाक चोंदले की तो तोंडाने श्वास घेतो. गिनीपिगला ही सोय जवळजवळ नाही. त्याचे तोंड अरुंद व खोल असून मृदू टाळू जिभेच्या मुळाशी जोडलेली असते. तोंडातून घशात जाण्यासाठी मध्ये एक लहानसे छिद्र तेवढे असते. याच कारणाने भूल देताना त्याच्या श्वासनलिकेत नळी घालणे अनुभवी पशुवैद्यकालाही अवघड जाते. नाकपुड्या स्रावाने बंद झाल्या तरी हा प्राणी संकटात येतो. त्याने तोंड उघडून श्वास घेणे हे आजाराचे प्रारंभीचे लक्षण नसून शेवटच्या टप्प्याचे लक्षण होय.

या प्राण्याच्या श्वासवाहिन्यांचे स्नायू हिस्टामिनला अतिशय संवेदनशील असतात. दम्याच्या संशोधनात गिनीपिग निवडला जातो तो यासाठीच. तथापि ज्या गुणामुळे तो प्रयोगास उपयुक्त ठरतो, त्याच गुणामुळे धूळ, अमोनिया व ॲलर्जी यांच्यापुढे तो दुबळाही ठरतो.

३. त्रास कसा ओळखावा

गिनीपिग हा स्वभावतः भक्ष्य होणारा प्राणी आहे. दुबळेपणा दाखविणे त्याच्या जिवावर बेतणारे असल्याने तो शेवटपर्यंत सामान्य असल्याचे भासवितो. म्हणून दररोजचे निरीक्षण हीच निदानाची पहिली पायरी होय.

विश्रांतीच्या स्थितीत त्याच्या श्वासाची गती मिनिटाला साधारण ४० ते १०० असते. ही मर्यादा मोठी असल्याने एकदाच घेतलेल्या मोजणीवरून फारसा बोध होत नाही. प्रत्येक प्राण्याची नेहमीची गती नोंदवहीत असणे आवश्यक आहे. प्राणी हातात घेण्यापूर्वी, पिंजऱ्याबाहेरूनच बरगड्यांची हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. हाताळलेल्या प्राण्याचा श्वास भीतीनेही वाढतो.

पुढील लक्षणे क्रमाने अधिक गंभीर समजावीत :

अ) खाणे कमी होणे, वजन घटणे, अंगावरचे केस फुलवून कोपऱ्यात बसून राहणे.
आ) शिंका, नाकाडोळ्यांतून स्राव, पुढच्या पंजांचे केस चिकट होणे. (प्राणी नाक पंजाने पुसत असल्याने स्रावाचा पुरावा तेथे सापडतो.)
इ) श्वासाबरोबर घरघर किंवा बारीक टकटक ऐकू येणे, श्वास घेताना कुशी आत ओढल्या जाणे.
ई) मान पुढे ताणणे, तोंड उघडणे, हिरड्या व ओठ निळसर पडणे.

यांपैकी 'आ' दिसताच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. 'ई' दिसल्यास हाती मिनिटेच उरलेली असतात.

४. घुसमट की अन्य विकार?

गिनीपिगच्या तोंडातून लाळ गळत आहे व तो मान ताणत आहे, असे दिसताच घशात काही अडकले असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात अशा चित्रामागे अनेक कारणे असतात. दाढा आयुष्यभर वाढत असल्याने त्या वाढून जिभेवर आल्या की घास गिळता येत नाही व हनुवटी ओली राहते. मात्र तेव्हा श्वास बहुधा नियमित असतो आणि वजन आधीपासून घटलेले असते. पोट नगाऱ्यासारखे फुगले असेल, तर वायूचा दाब छातीवर येऊन श्वास जलद होतो. गाभण मादीत उदरातील भार व गर्भारपणातील विषबाधा यांमुळेही धाप लागते. मानेखाली गाठ असल्यास लसिकाग्रंथींचा जिवाणूजन्य दाह संभवतो.

सर्वांत महत्त्वाचा न्युमोनिया. त्यास कारणीभूत जिवाणूंपैकी बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा सशाच्या नाकात कोणतीही लक्षणे न दाखविता राहू शकतो. जागेअभावी ससे व गिनीपिग एकाच खोलीत ठेवण्याची प्रथा म्हणूनच सोडावयास हवी.

खरी घुसमट अचानक होते. क्षणापूर्वी खात असलेला प्राणी एकाएकी थांबतो, पंजे तोंडाकडे नेतो, मान ताणतो. तोंडावाटे औषध देताना असे घडल्यास द्रव किंवा नळी श्वासनलिकेत गेल्याची शंका प्रथम घ्यावी.

५. तातडीची कृती

१) प्राणी ठसकत असेल, आवाज काढत असेल व हिरड्या गुलाबी असतील, तर श्वासमार्ग पूर्ण बंद झालेला नाही. अन्न व पाणी बाजूला काढून त्याला शांत जागी ठेवावे व लक्ष ठेवावे. बहुधा तो स्वतःच मार्ग मोकळा करतो.

२) आवाज बंद होऊन हिरड्या निळसर पडू लागल्यास एका हाताने छाती व दुसऱ्या हाताने पार्श्वभाग आधारून डोके धडापेक्षा किंचित खाली येईल असे काही क्षण धरावे. ओठांजवळ दिसणारे अन्न बोथट चिमट्याने किंवा कापसाच्या बोळ्याने काढावे.

३) उपलब्ध असल्यास नाकासमोर प्राणवायूची नळी धरावी. भीतीमुळे प्राणवायूची गरज वाढते. म्हणून गर्दी टाळून खोली शांत ठेवावी.

४) त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने पशुवैद्यकाशी संपर्क साधावा.

५) प्राणी सावरला तरी प्रसंग संपला असे मानू नये. फुप्फुसात गेलेल्या अन्नकणांमुळे पुढील दोन-तीन दिवसांत न्युमोनिया होऊ शकतो. श्वासगती, खाणे व वजन यांची नोंद या काळात काटेकोरपणे ठेवावी.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. न दिसणाऱ्या घशात बोट घालू नये. टाळूचे छिद्र लहान असल्याने अडकलेला घास आणखी आत जातो. घास उतरावा म्हणून पाणी पाजू नये. प्राण्याला पायाशी धरून झुलवू नये किंवा हिसका देऊ नये. त्याचा कणा नाजूक असतो.

प्रतिजैविकांबाबत विशेष सावधगिरी हवी. माणसाला सहज दिले जाणारे पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू नष्ट करते. मग घातक जिवाणू वाढून प्राणी अतिसाराने दगावतो. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात ही औषधे हाताशी असतात, हाच तेथील मोठा धोका आहे.

६. खानदेशातील विशेष परिस्थिती

प्राणीगृहाचे तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी, अशी प्राणिप्रयोगविषयक समितीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन आकड्यांतील अंतर ध्यानी येते. गिनीपिग मूळचा अँडीज पर्वतातील थंड प्रदेशाचा. उष्माघातात तो आडवा पसरतो, लाळ गाळतो व वेगाने श्वास घेतो. हे चित्र घुसमटीसारखे दिसते, परंतु उपाय वेगळा आहे. त्याला गार जागी हलवून कान व पाय साध्या थंड पाण्याने ओले करावेत. बर्फाचे पाणी वापरू नये. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नये. वीज गेल्यास काय करावयाचे, हे उन्हाळ्यापूर्वीच ठरलेले असावे.

दुसरा प्रश्न धुळीचा. बारीक लाकडी भुसा, कडब्याची कोरडी कुट्टी आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात उडणारी तंतुमय धूळ नाकपुड्यांना त्रासदायक ठरते. अंथरण्यास कागदाचे तुकडे किंवा धूळविरहित जाडसर छिलके वापरावेत. ते वेळेवर बदलावेत. खोलीत शिरताच लघवीचा उग्र दर्प जाणवत असेल, तर जमिनीलगत राहणाऱ्या प्राण्यासाठी अमोनिया आधीच मर्यादेपलीकडे गेलेला असतो.

तिसरा प्रश्न आहाराचा. मनुष्याप्रमाणेच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. निरोगी प्राण्यास दररोज प्रतिकिलो वजनामागे सुमारे १० मिलिग्रॅम व गाभण मादीस ३० मिलिग्रॅमपर्यंत त्याची गरज असते. त्याच्या अभावी श्वसनसंसर्गाशी झुंजण्याची शक्ती कमी होते. तयार खाद्यातील हे जीवनसत्त्व साठवणुकीत, विशेषतः उष्ण गोदामात, नष्ट होते. म्हणून पोत्यावरील उत्पादनाची तारीख पाहावी. आपल्याकडे विपुल असलेल्या केळ्यात हे जीवनसत्त्व अल्प असते. पेरू, ढोबळी मिरची व कोथिंबीर हे अधिक चांगले स्रोत होत. ताजा लसूणघास थोडा द्यावा, पण वाळलेले गवत हाच आहाराचा पाया असावा. कडक खाद्याचे मोठे तुकडे व बिया टाळाव्यात.

७. निष्कर्ष

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि १९९८ चे प्रयोगविषयक नियम यांनी प्राण्यांच्या काळजीची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. तथापि या जबाबदारीला शास्त्रीय बाजूही आहे. सुप्त न्युमोनिया असलेल्या प्राण्यावर श्वासवाहिनी रुंदावणाऱ्या औषधाची चाचणी घेतली, तर येणारा निष्कर्ष औषधाचा नसून आजाराचा असतो. असा प्राणी व्यर्थ जातो आणि प्रबंधातील आकडेही.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. गिनीपिगचा जीव बहुधा घुसमटीच्या क्षणी केलेल्या धडपडीने वाचत नाही. तो आदल्या आठवड्यात केलेल्या नोंदीने वाचतो. ती नोंद करणारी व्यक्ती बहुतेक वेळा अध्यापक नसून सकाळी पिंजरे झाडणारा परिचर असते. 'आज हा खात नाही' हे त्याचे वाक्य ऐकून घेणारा आणि वहीत उतरवून घेणारा अध्यापक हीच प्राणीगृहाची पहिली गरज होय. श्वास मोजण्यास घड्याळ पुरते. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.