अनुबोधपटातील प्रसंगपुनर्रचना आणि इतिहासाचे प्रामाण्य

ज्या प्रसंगाच्या वेळी कॅमेरा उपस्थित नव्हता, तो प्रसंग नटांकडून अथवा प्रत्यक्ष संबंधितांकडून पुन्हा घडवून घेऊन त्याचे चित्रण करणे, यास आपण येथे ‘प्रसंगपुनर्रचना’ म्हणू. कथापटात ही गोष्ट गृहीतच असते. आपण पाहतो ते रचलेले आहे, हे तेथे प्रेक्षकास ठाऊक असते. अनुबोधपटाचा दावा वेगळा आहे. ‘हे असे घडले’ अशी ग्वाही तो देतो. त्यामुळे अनुबोधपटात पुनर्रचना दिसू लागली की इतिहासाच्या अभ्यासकास ती खोट्या साक्षीसारखी वाटते. ही शंका अनाठायी नाही. परंतु तिचा रोख चुकीच्या ठिकाणी आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. दोष पुनर्रचनेत नसून, ती कोणत्या पुराव्यावर उभी आहे हे झाकण्यात आहे.

१

पुनर्रचना ही अनुबोधपटात मागाहून शिरलेली विकृती आहे, असा एक समज आहे. तो इतिहासास धरून नाही. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचे दृश्य जॉर्ज मेलिएस याने १९०२ साली पॅरिसजवळील माँत्रई येथे, प्रत्यक्ष समारंभ होण्यापूर्वीच, नटांकरवी चित्रित करून ठेवले होते. ज्यास अनुबोधपटाचा आद्य नमुना मानण्याचा प्रघात आहे, त्या रॉबर्ट फ्लाहर्टीच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) या चित्रपटात हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील इनुइट लोक वॉलरसची शिकार भाल्याने करताना दिसतात. वस्तुतः त्या काळी त्यांच्या हाती बंदुका आलेल्या होत्या. बर्फाच्या घरातील दृश्यांसाठी पुरेसा उजेड मिळावा म्हणून घर अर्धे उघडे ठेवून बांधण्यात आले होते. ‘नाइट मेल’ (१९३६) या ब्रिटिश अनुबोधपटातील टपालाची छाननी करणारे कर्मचारी खरे. परंतु ज्या डब्यात ते उभे आहेत तो स्टुडिओत उभारलेला देखावा असून गाडीचे हेलकावेही कृत्रिम रीतीने आणलेले आहेत.

तात्पर्य, पुनर्रचनेस वर्ज्य ठरविल्यास अनुबोधपटाच्या इतिहासातील बराच भाग आपणास वर्ज्य करावा लागेल. तेव्हा ग्राह्य काय आणि अग्राह्य काय, हे ठरविण्यास दुसरी कसोटी शोधणे प्राप्त आहे.

२

या कसोटीचा शोध आपल्या भाषेच्या व्याकरणापासून सुरू करणे सोयीचे होईल. मराठीत ‘दूत रात्री गेला’, ‘दूत रात्री गेला असावा’ आणि ‘दूत रात्री गेला म्हणे’ ही तीन विधाने एकाच घटनेविषयी असली, तरी त्यांचे प्रामाण्य सारखे नाही. पहिल्यात निश्चय आहे, दुसऱ्यात अनुमान आहे आणि तिसऱ्यात ऐकीव वार्ता आहे. इतिहासकाराचा प्रामाणिकपणा पुष्कळदा या ‘असावा’ आणि ‘म्हणे’ यांच्या उचित योजनेतच दिसून येतो.

चित्रास ही सोय नाही. दूत घोड्यावर बसून निघालेला दाखविला की तो गेलाच. घोडा काळा की पांढरा, पाऊस होता की चांदणे, निरोप देताना सेनापतीची मुद्रा कशी होती, याविषयी कागदपत्रे मौन पाळतील. चित्रास मौन पाळता येत नाही. जेथे लेखकाची लेखणी थांबते तेथे दिग्दर्शकास काही तरी दाखवावेच लागते, आणि जे दाखविले ते निश्चयार्थानेच दिसते. पुनर्रचनेची खरी अडचण ती ही.

३

ही अडचण दुर्लक्षित झाल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणून पेत्रोग्राडच्या हिवाळी राजवाड्याचा पाडाव पाहण्यासारखा आहे. १९१७ च्या ७ नोव्हेंबरच्या रात्री (जुन्या रशियन गणनेप्रमाणे २५ ऑक्टोबर) बोल्शेविकांनी तो राजवाडा घेतला आणि मध्यरात्रीनंतर तेथील मंत्र्यांस अटक केली. राजवाड्याचे रक्षण करणारे दल अल्प होते, त्यातील बरेच जण आधीच निघून गेले होते, आणि हल्ला करणारे निरनिराळ्या दारांनी टोळ्याटोळ्यांनी आत शिरले. या घटनेचे चलच्चित्रण झालेले नाही.

पुढे १९२० साली, क्रांतीच्या तिसऱ्या वर्धापनदिनी, निकोलाय येव्रेइनोव्ह याच्या दिग्दर्शनाखाली त्याच चौकात हजारो लोकांनी हा प्रसंग भव्य नाट्यरूपाने सादर केला. त्यानंतर दशवार्षिक उत्सवाच्या निमित्ताने सर्गेई आयझेनस्टाइन याने प्रत्यक्ष राजवाड्यातच ‘ऑक्टोबर’ (१९२८) हा चित्रपट घेतला. त्यात प्रचंड जनसमुदाय फाटकांवर चढून आत लोटतो. आयझेनस्टाइनने हा अनुबोधपट म्हणून केला नव्हता. परंतु मूळ घटनेचे चित्र उपलब्ध नसल्यामुळे, १९२० च्या नाट्यप्रयोगाचे छायाचित्र आणि १९२८ च्या चित्रपटातील दृश्ये पुढील काळात पुस्तकांतून आणि अनुबोधपटांतून प्रत्यक्ष १९१७ ची चित्रे म्हणून वावरू लागली. वर्धापनदिनाच्या उत्सवाने मूळ दिवसाचे स्थान घेतले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की पुनर्रचना करणाऱ्याने फसविण्याचा हेतू धरला होता की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. ओळखपत्र हरवलेले चित्र स्वतःच साक्षीदार होऊन बसते.

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनास ही समस्या अगदीच अपरिचित नाही. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत समकालीन पत्रांच्या आधारे बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर तपासणी केली. बखरीतील संवाद आणि आवेशपूर्ण वर्णने हीदेखील एक प्रकारची प्रसंगपुनर्रचनाच होय. तथापि बखर टाकाऊ ठरली नाही. कोणत्या गोष्टीसाठी ती प्रमाण आणि कोणत्या गोष्टीसाठी नाही, एवढाच विवेक अभ्यासकांनी शिकून घेतला. चित्रपटाच्या बाबतीत तोच विवेक अद्याप पुरेसा रूढ झालेला नाही.

४

चित्रास ‘असावा’ आणि ‘म्हणे’ हे शब्द मुळातच उच्चारता येत नाहीत काय? दोन अनुबोधपटांनी या प्रश्नास दिलेली उत्तरे येथे विचारात घेऊ.

पहिला पीटर वॉटकिन्स याचा ‘कलोडन’ (१९६४). १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमधील कलोडनच्या माळावर चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या सैन्याचा सुमारे तासाभरातच पराभव झाला आणि त्यापाठोपाठ डोंगरी मुलखातील जनतेचे निर्दय दमन झाले. जॉन प्रेबल याच्या ग्रंथाचा आधार घेऊन वॉटकिन्सने बी. बी. सी. साठी हा प्रसंग हौशी नटांकडून करवून घेतला. परंतु त्याने तो दूरचित्रवाणीचा वार्ताहर रणांगणावर हजर असावा अशा पद्धतीने दाखविला. कॅमेरा हातात धरलेला, म्हणून हलणारा. सैनिक त्याकडे पाहून प्रश्नांची उत्तरे देतात. निवेदक एकेकाचे नाव आणि त्याची परिस्थिती कोरड्या स्वरात सांगतो. अठराव्या शतकात वार्ताहराचा कॅमेरा असणे अशक्य, हे प्रत्येक प्रेक्षकास कळते. ही उघड विसंगतीच येथे प्रामाणिकपणाचे साधन झाली आहे. ‘हे मूळ दृश्य नव्हे, पुराव्यावरून केलेली मांडणी आहे’ अशी कबुली चित्रपट पदोपदी देत राहतो. आणि राजवंशाच्या कहाणीतून एरवी वगळला जाणारा सामान्य शिपाई त्याच युक्तीने बोलू लागतो. व्हिएतनाममधील युद्धाची दृश्ये ज्या काळी घराघरांतून दिसू लागली होती, त्या काळाच्या प्रेक्षकास या पद्धतीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

दुसरा एरल मॉरिस याचा ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८). १९७६ साली अमेरिकेतील डॅलस शहरी एका पोलिस शिपायाचा खून झाला आणि त्याबद्दल रँडल डेल अ‍ॅडम्स यास मृत्युदंड ठोठावण्यात आला. तो पुढे जन्मठेपेत परिवर्तित झाला. मॉरिसने खुनाचा प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा पुन्हा घडवून दाखविला. प्रत्येक साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे दृश्य किंचित बदलते. एका जबानीत गाडीत एकच माणूस असतो, दुसरीत दोन. कोणतेही दृश्य ‘हेच सत्य’ म्हणून पुढे येत नाही. येथे प्रत्येक दृश्यापाठीमागे एक अदृश्य ‘म्हणे’ उभा आहे, आणि या ‘म्हणे’ परस्परांशी ताडून पाहता साक्षी किती ठिसूळ होत्या हे उघडे पडते. चित्रपटाने जमविलेल्या माहितीमुळे प्रकरणाचा पुन्हा विचार झाला. १९८९ मध्ये अ‍ॅडम्सची शिक्षा रद्द होऊन तो बारा वर्षांच्या कारावासातून सुटला. पुनर्रचना सत्याची शत्रूच असते, या मताला याहून सबळ उत्तर देणे कठीण आहे.

५

भारतीय दूरचित्रवाणीवर श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ (१९८८) या ५३ भागांच्या मालिकेने निराळा मार्ग घेतला. तिचा आधारग्रंथ जवाहरलाल नेहरूंनी १९४४ साली अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिला. मालिकेत नाट्यदृश्यांच्या जोडीने नेहरूंची भूमिका करणारा नट रोशन सेठ पडद्यावर येतो आणि बोलतो. त्यामुळे हा इतिहास कोणा एका विशिष्ट व्यक्तीने, विशिष्ट काळी पाहिलेला इतिहास आहे, याची जाणीव राहते. अर्थात् निवेदकाचा अधिकार मोठा असला की प्रेक्षक प्रश्न विचारण्याचे विसरतो, हा धोकाही याच पद्धतीत आहे.

आर. जी. कॉलिंगवुड याने ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ (१९४६) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, भूतकालीन विचार स्वतःच्या मनात पुन्हा घडविणे हेच इतिहासकाराचे कार्य होय, असे प्रतिपादन केले. त्यास अभिप्रेत असलेली पुनर्रचना वेशभूषेची अथवा घोड्यांची नव्हे, हे उघड आहे. ती पुराव्याची चिकित्सा करीत करीत चाललेली विचारक्रिया आहे. तथापि त्या सिद्धांतातून आपणास हवी असलेली कसोटी मिळते. जी पुनर्रचना पाहणाऱ्यास पुराव्याकडे परत नेते ती इतिहासाच्या जातीची. जी पुराव्याची जागा स्वतः घेते ती केवळ देखाव्याची.

पदव्युत्तर अभ्यासकाने अनुबोधपट पाहताना म्हणून तीन प्रश्न विचारावेत. हे दृश्य केव्हा आणि कोणी चित्रित केले? ते कोणत्या साधनावर आधारलेले आहे? आणि साधन जेथे मूक आहे तेथे चित्रपटाने ती पोकळी कशी भरली, व भरल्याचे सांगितले काय? कॅमेऱ्यावाचूनही हवे तसे चित्र निर्माण करणारी यंत्रे आज सर्वांच्या हाती आली आहेत. अशा वेळी हे प्रश्न केवळ चित्रपटाच्या अभ्यासकांपुरते राहिलेले नाहीत. हिवाळी राजवाड्याच्या बनावट स्मृतीस रूढ होण्यास काही वर्षे लागली होती. यापुढे तेवढाही अवकाश मिळेल असे दिसत नाही.