शहाणं बाळ की दमलेलं बाळ?

बाळ-बाळंतिणीचे घरातले पहिले बेचाळीस दिवस

"आमचं बाळ फार शहाणं हो! रडणं म्हणून नाही. दुधालासुद्धा आपणच उठवायचं!" बाळंतिणीला भेटायला गेलं की हे कौतुक हमखास कानी पडतं. महिना-दीड महिन्याच्या, छान बाळसं धरलेल्या बाळाचं हे कौतुक ऐकायला गोड वाटतं. पण चार-पाच दिवसांच्या बाळाबद्दल कोणी असं म्हणालं, तर मैत्रिणींनो, कौतुक बाजूला ठेवून आधी बाळाला नीट पाहा. नवजात बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपतं हे खरं. पण दर दोन-तीन तासांनी ते भुकेनं चुळबुळ करतं, तोंड उघडून दूध शोधतं. जे बाळ उठतच नाही, छातीशी धरलं तरी ओढत नाही, ते कदाचित शहाणं नसेल, आजारी असेल. इतक्या लहान जिवाला रडून सांगण्याचीही ताकद राहत नाही. म्हणून ते गप्प होतं.

बाळंतपण आता बहुतेक घरी होत नाही. नैसर्गिक बाळंतपण असेल तर दोन-तीन दिवसांत आणि पोट उघडून झालं असेल तर चार-पाच दिवसांत बाळ-बाळंतीण घरी येतात. दवाखान्यात नर्सबाई वेळच्या वेळी ताप बघायच्या, अंगावरून किती जातं ते विचारायच्या, बाळाला पाजलं की नाही हे पाहायच्या. घरी आल्यावर ही शुश्रूषा कोणी करायची? जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात जी बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात दगावतात. म्हणजे घरात पेढे वाटण्याची गडबड असते, तेच दिवस डोळ्यांत तेल घालून जपण्याचे असतात.

हे काम फार मोठ्या शिक्षणाचं आहे असंही नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ते गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध करून दाखवलं. त्यांच्या 'सर्च' संस्थेनं 1995 पासून 39 गावांत, गावातल्याच बेताचं शिक्षण झालेल्या बायकांना शिकवून तयार केलं. या आरोग्यदूत घरोघर जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, ऊब राखायला आणि पाजायला शिकवत आणि जंतुदोष झालेल्या बाळाला इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं, 62 टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 2011 पासून देशभर आशाताईंमार्फत अशाच गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट ठरलेली असते. आपल्याकडे आशाताई येत असेल तर तिला दारातूनच "सगळं बरं आहे" म्हणून पाठवू नका, आत बोलवा. येत नसेल तर हेच दिवस कॅलेंडरवर लिहून घरातल्या एका जाणत्या बाईनं बाळ-बाळंतीण मुद्दाम तपासावी.

बाळाची वही

शाळेत हजेरी मांडतात तशी एक साधी वही करा. त्यात चार गोष्टी लिहायच्या: किती वेळा पाजलं, किती वेळा शू झाली, शी कशी झाली आणि वजन किती. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं व्हायला हवं, रात्रीचंही त्यात आलं. पाचव्या दिवसानंतर निदान सहा वेळा शू झाली तर दूध पुरतं आहे असं समजावं. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं, त्यानं घाबरू नये. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवेळेइतकं परत यायला हवं. आले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळं थोडी पिवळी दिसतात आणि आठवडाभरात ती कावीळ उतरते. परंतु पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत पोचला, तर कोवळ्या उन्हात धरून वाट बघत बसू नये. त्याला दवाखान्यातल्या निळ्या प्रकाशाचे उपचार लागू शकतात.

ऊब कशी ओळखावी?

हाताच्या पालथ्या बाजूनं बाळाचं पोट आणि पाऊल दोन्ही चाचपावं. दोन्ही उबदार तर ठीक. पोट उबदार पण पाऊल गार असेल, तर बाळ गारठू लागलं आहे. दोन्ही गार लागली तर तो धोका आहे. गारठलेल्या बाळाला टोपरं घालून, लंगोटावरच आईच्या उघड्या छातीशी उभं धरावं आणि वरून दोघांना मिळून शाल पांघरावी. कमी दिवसांच्या, अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळांसाठी तर ही रीत औषधासारखी आहे. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास काचपेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली आणि आज ती जगभर वापरली जाते. आईला आराम हवा असेल तेव्हा वडिलांनी किंवा आजीनंही असं धरायला हरकत नाही.

काय ठेवावं, काय सोडावं

आपल्या आजी-पणजींनी बाळंतिणीला सव्वा महिना वेगळी खोली दिली, तिला कामाला जुंपलं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ कमी ठेवली. हे सारं शहाणपणाचंच होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक, बाळंतशेपाही खुशाल द्यावी. मात्र त्यांच्या जोडीला वरण-भात, पालेभाजी, फळं आणि पोटभर पाणी हवं. "पाणी प्यायली तर पोट सुटेल" म्हणून तिला तहानलेली ठेवू नये.

काही गोष्टी मात्र सोडायलाच हव्यात. पहिलं घट्ट पिवळं दूध म्हणजे चीक; तो पिळून टाकू नये, जन्मल्यावर तासाभराच्या आत तोच पाजावा. मधाचं बोट, गुटी, साखरपाणी, वरचं पाणी यातलं सहा महिने काही नको. मधातून लहान बाळाला घातक विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्ष होईपर्यंत तो चाटवूच नये. काजळात शिसं असू शकतं. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नये. ती कोरडी ठेवली की आपसूक गळते. नाका-कानात तेल सोडू नये. बाळाची छाती दाबून दूध काढू नये, तिथे गळू होतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं तर फारच वाईट, तिच्या वायूनं झोपेतच जीव जाऊ शकतो. पहिली अंघोळ जन्मानंतर चोवीस तासांनी घालावी. मालीश हलक्या हातानं चालेल. हातपाय ओढायचे नाहीत.

घरातल्या थोरल्या भावंडाला सर्दी-खोकला असेल तर त्यानं लांबूनच पाहावं. बाळाला उचलणाऱ्या प्रत्येकानं आधी साबणानं हात धुवावेत, मग ते सासूबाई असोत की भेटायला आलेल्या मावशी.

बाळंतिणीकडेही पाहा

सगळं घर पाळण्याभोवती जमतं आणि आई बाजूला राहते. अंगावरून जाणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. तासाभरात एक घडी पूर्ण भिजली, मोठ्या गाठी पडू लागल्या, ताप आला, जाण्याला दुर्गंधी आली, स्तन लाल होऊन ठणकू लागला किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर "बाळंतपणात चालायचंच" म्हणू नये. फार डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं हे वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असतं आणि तो बाळंतपणानंतरही काही आठवडे वाढू शकतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुढे सहा महिने घ्यायच्या असतात. त्या कपाटात पडून तर नाहीत ना, हेही विचारावं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, तिला झोप येत नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर ती नाटकं करत नाही. तिला डॉक्टरांची गरज आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं भलतंसलतं बोलू लागली, तर त्याच दिवशी न्यावं आणि तिला एकटीला सोडू नये.

थांबायचं नाही

बाळाची ही लक्षणं दिसली की उद्यावर ढकलू नका:

• दूध ओढत नाही, किंवा आधी ओढायचं ते बंद झालं.
• शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजून श्वास 60 किंवा अधिक. पुन्हा मोजला तरी तितकाच. श्वास घेताना छाती खोल आत जाते.
• काखेत ताप 99.5 अंश किंवा वर; अथवा छातीशी धरूनही अंग गार.
• झटके येतात; हलवल्याशिवाय हालचाल नाही.
• तळहात-तळपाय पिवळे. नाळेभोवती लाली किंवा पू.

सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार वर्षभरापर्यंत मोफत असतात आणि बाळ-बाळंतिणीला न्यायला 102 किंवा 108 वर गाडी मिळते. वाटेत बाळाला छातीशीच धरावं आणि पीत असेल तर पाजत राहावं.

एक गोष्ट मात्र बाळंतपणाच्या आधीच ठरवून ठेवा: रात्री दोन वाजता बाळ पिईनासं झालं तर कोण गाडी बोलावणार, कोण सोबत जाणार, पैसे कुठे ठेवलेत. पुष्कळ घरांत आईला काहीतरी बिनसल्याचं सगळ्यांआधी कळतं. पण ती सून असते किंवा माहेरी आलेली लेक असते आणि "सकाळी बघू" या शब्दापुढे गप्प बसते. तिच्या शंकेवर घरानं विश्वास ठेवावा. दाखवून आणलं आणि काही निघालं नाही, तर एक खेप फुकट गेली, एवढंच.