काहील गावाची, तळघर ज्याचे त्याचे



बिअर या विषयावर आपल्या पत्रिकेत लेख पाहून काही जुन्या जाणत्या सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांला कल्पना आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा बिलकूल हेतू नाही. दारूपायी घरे कशी बसतात हे आपल्या भागाला कुणी वेगळे सांगायला नको. परंतु जर्मनीच्या एका कोपऱ्यात पाच गावे अशी आहेत, की जिथे बिअरची भट्टी कोणा एका मालकाची नसून सगळ्यांची मिळून आहे, आणि ही रीत तिथे काही शतके चालत आलेली आहे. सामाईक काहील इतकी वर्षे टिकते कशी, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गाव कुठले, रीत कुठली?

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, चेक देशाच्या सरहद्दीला लागून ओबरफाल्ट्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथली विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबेर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न ही ती पाच गावे. नावे उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण गावे लहान आणि साधीच. यातल्या विंडिशएशेनबाखला आणखी एका गोष्टीने नाव मिळाले. १९८७ पासून पुढे काही वर्षे शास्त्रज्ञांनी तिथे जमिनीत ९,१०१ मीटर खोल भोक पाडले. आपल्याकडे बोअर पाचशे फुटांवर गेली तरी छातीत धडकी भरते, इथे तर नऊ किलोमीटर! अर्थात ते पाण्यासाठी नव्हते, पृथ्वीच्या पोटात काय आहे ते पाहण्यासाठी होते.

या गावांत जी बिअर होते तिला ‘त्सॉयगल’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ‘खूण’ असे आहे. ज्या घरी बिअर तयार असेल त्या घरावर सहा टोकांची चांदणी टांगायची, ही ती खूण. दोन त्रिकोण एकमेकांत गुंतवून ती करतात. एका त्रिकोणाची टोके म्हणजे अग्नी, पाणी आणि हवा, तर दुसऱ्याची पाणी, जव आणि हॉप, असा अर्थ तिथले लोक सांगतात. हॉप ही एक वेल. तिच्या फुलांनी बिअरला कडवटपणा येतो आणि ती टिकतेही.

हक्क घराला, माणसाला नव्हे

नॉयहाउसला बिअर करण्याचा हक्क १४१५ साली मिळाला आणि शेजारच्या विंडिशएशेनबाखला १४५५ साली. त्या काळी असा हक्क राजेरजवाडे देत. घरे लाकडी, गवताची, त्यामुळे घरोघरी मोठा जाळ करणे धोक्याचे. शिवाय तांब्याची मोठी काहील घेणे एकेकट्याच्या आवाक्याबाहेरचे. तेव्हा गावाने एकच भट्टीघर बांधले आणि हक्कदारांनी पाळीपाळीने ते वापरायचे ठरले. गाव करील ते राव काय करील, म्हणतात ते असे.

यातली खुबी अशी, की हा हक्क माणसाच्या नावावर नसतो, घराच्या जागेला चिकटलेला असतो आणि जमिनीच्या दप्तरात त्याची नोंद असते. घर विकले की हक्कही घराबरोबर गेला. आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा लिहिलेला असतो ना, जवळपास तसेच हे. भट्टीघर कुठे गावच्या पालिकेचे, तर कुठे हक्कदारांच्या मंडळाचे. जो जो भट्टी लावील त्याने दर खेपेला ठरलेला आकार भरायचा, त्याला ‘काहिलीचा पैसा’ असेच म्हणतात. त्याच पैशातून काहिलीची डागडुजी आणि इमारतीची देखभाल होते.

गुऱ्हाळाशी साम्य

भट्टी लावायची रीत वाचताना आम्हांला तर आपले जुने गुऱ्हाळच डोळ्यांपुढे दिसू लागले. ज्याची पाळी असेल तो आपले जव घेऊन येतो. हे जव भिजवून, मोड आणून, वाळवलेले असतात. ते भरडून गरम पाण्यात घालायचे आणि बेताबेताने उष्णता वाढवत न्यायची, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. मग गोड रस गाळून घ्यायचा. मागे राहिलेला चोथा जनावरांना उत्तम खाद्य. रस काहिलीत घालून, हॉपची फुले टाकून, लाकडाच्या जाळावर उकळायचा. हे काम पहाटेपासून दिवसभर चालते. आपल्या गुळव्याला आदण कधी उतरवायचे हे जसे नजरेनेच कळते, तसेच तिथल्या जाणत्यांचेही आहे.

उकळलेला रस रात्रभर माळ्यावरच्या मोठ्या उथळ हौदात निवायला ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो टाकीत भरून, ट्रॅक्टरला जोडून, ज्याचा तो आपल्या घरी नेतो. इथपर्यंत सगळे सामाईक. इथून पुढे मात्र ज्याचे त्याचे. घरच्या थंड तळघरात यीस्ट घालून तो आठ-दहा दिवस आंबवायचा आणि पुढे काही आठवडे मुरवायचा. कुणाचे तळघर जास्त थंड, कुणी जव थोडे करपवून घेतो, कुणाचा हात हॉपला सढळ. त्यामुळे एकाच काहिलीतून निघालेली बिअर दर घरी वेगळी लागते. ही बिअर गाळून नितळ करीत नाहीत, की टिकवण्यासाठी पुन्हा तापवीत नाहीत. म्हणून ती लांब जात नाही, गावातच खपते.

विक्रीचीही पाळीच. महिन्यातून एकदा, साधारण शुक्रवार ते सोमवार, एकेक घर उघडते. कोणाचे घर कधी हे आधीच छापलेल्या पत्रकात असते. त्या दिवसांत घराची बैठक म्हणजे खाणावळ. भाकरीच्या जागी पाव, जोडीला चीज आणि थंड मांसाचे तुकडे, तेही बेताच्या दरात. टेबले लांबलचक, ओळखीचा असो नसो, शेजारी सरकून जागा द्यायची. दिवस संपले की चांदणी उतरवायची, आणि पुन्हा ते घर ते घरच!

बाकीची का विझली?

आता कोणी म्हणेल, इतके चांगले होते तर पाचच गावे का? एकेकाळी त्या मुलखात अशी भट्टीघरे पुष्कळ गावांत होती. पुढे मोठमोठे कारखाने आले, शीतयंत्रे आली, बाटलीबंद बिअर दारात मिळू लागली. पहाटे उठून जाळ घालण्यापेक्षा बाटली विकत घेणे सोयीचे वाटू लागले. एकेका हक्कदाराने भट्टी लावणे सोडले. सोडले म्हणजे हक्क गेला नाही, कागदावर तो तसाच राहिला. पण भट्टी लागली नाही की काहिलीचा पैसा येत नाही आणि पैसा नाही की दुरुस्ती होत नाही. उरलेल्या दोघा-चौघांवर सगळा बोजा पडला की तेही थकतात. आजही या पाचांपैकी काही गावांत भट्टी लावणारी घरे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

दुसरे संकट नावाचे. त्सॉयगलचा बोलबाला झाल्यावर मोठ्या कारखान्यांनीही आपल्या बाटल्यांवर तेच नाव छापायला सुरुवात केली. कष्ट एकाचे आणि आयत्या बिळावर नागोबा दुसराच! या शब्दावर कायद्याने कोणा एकाची मालकी नाही. तेव्हा खऱ्या भट्टीवाल्यांनी एकत्र येऊन संरक्षक मंडळ काढले आणि ‘सामाईक भट्टीतला अस्सल त्सॉयगल’ अशा अर्थाची स्वतःची खूण केली. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागचे दुखणेही याच जातीचे होते. २०१८ साली जर्मनीने आपल्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत त्सॉयगलच्या रीतीचा समावेश केला.

आपल्याकडेही आता ताज्या बिअरच्या छोट्या भट्ट्या आल्या आहेत. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीवरून गोऱ्या सोल्जरांनी बनवलेला! या भट्ट्या जागच्या जागी बिअर करून विकतात, आणि त्यांत कौशल्य आहेच. पण तिथे भट्टी मालकाची आणि येणारा तो गिऱ्हाईक. त्सॉयगलच्या गावात भट्टी लावणारा स्वतःच हक्कदार असतो, हा फरक मोठा आहे.

आपण काय घ्यावे?

सहकाराच्या बाबतीत जर्मनीशी आपले नाते जुने आहे. रायफायझेन यांनी तिथे शेतकऱ्यांच्या पतपेढ्या उभ्या केल्या, आणि त्याच धर्तीचा अभ्यास करून आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच वाटेने पुढे जाऊन विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. आपले सगळे कारखाने म्हणजे तशा अर्थाने सामाईक काहिलीच.

म्हणून या पाच गावांची गोष्ट आम्हांला मनाला लागली. भागाचा दाखला ट्रंकेत सुरक्षित असतो, पण नुसत्या दाखल्याने चुलाण पेटत नाही. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून एखाद्या वर्षी ऊस दुसरीकडे घातला, तर त्या सभासदाचा हक्क कागदावर शाबूत राहतो, बोजा मात्र बाकीच्यांवर पडतो. आणि हे सांगणे एकतर्फी नव्हे. काहिलीचा पैसा काहिलीवरच खर्च होतो हे तिथल्या हक्कदाराला डोळ्यांनी दिसते, म्हणून तो कुरकुर न करता भरतो. सभासदाने ऊस आणावा असे म्हणणाऱ्यांनी हिशेबही तितकाच उघडा ठेवला पाहिजे, मग ते संचालक असोत की अधिकारी. वार्षिक सभेला येताना अहवाल वाचून या, कळले नाही ते विचारा. दोन्ही बाजू आपापली पाळी पाळतील तोवर काहील थंड पडणार नाही, एवढेच आमचे सांगणे.