तांबं आणि पाणी (लेखांक ६) : दुधाचं पातेलं

रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्याचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण बेसिनमधल्या निळसर-हिरव्या डागांवरचा लेख वाचून सांगलीच्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे, "नळाच्या पाण्यातलं तांबं वाईट, तर आमच्या सासूबाई रोज सकाळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पितात, त्याचं काय?" प्रश्न रोखठोक आहे. शिवाय त्याच्या उत्तराची वाट पुण्यावरून जाते, म्हणून मला मोह आवरत नाही.

आधी सासूबाईंचं बघू. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात पाणी १६ तास ठेवलं. जुलाबाचे जंतू मेले, आणि पाण्यात उतरलेलं तांबं भरलं लिटरला ०.१८ मिलिग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे. आपलं भारतीय मानक जास्त कडक : ०.०५ पर्यंत उत्तम, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. लोट्यातलं पाणी ०.०५ ओलांडतं, पण १.५ च्या बरंच खाली राहतं. तेव्हा साधं पाणी सासूबाईंनी खुशाल प्यावं, फक्त लोट्यात लिंबू पिळू नये. आम्लाशी गाठ पडली की तांबं भराभर सुटतं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं ते म्हणूनच.

दूध आंबट नसतं, तरी त्यानंच घात केला. आपल्याकडे वर्ष-दोन वर्षांच्या मुलांना एक आजार व्हायचा : पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. एकाच घरात पाठोपाठची भावंडं जायची, त्यामुळे दोष रक्तात शोधला जाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालं होतं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं असे. १९८३ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा भरपूर असतो, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची ताकद अजून पुरती आलेली नसते. त्यात रोजची ही भर.

एरवी मध्ये आड असायची ती कल्हई. पातेलं तापवून त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं चकचकीत फिरवायचं. पण कल्हई पहिल्यांदा उडते ती तळाला, जिथे दूध लागतं आणि घासणी जोरात चालते. तिथे पिवळा धातू उघडा पडला की कल्हईवाल्याची वाट पाहत तेच पातेलं चुलीवर चढत राही. पुढे घरोघर स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये १९०० ते १९७४ या काळात अशीच १३८ बाळं आजारी पडल्याची नोंद आहे. तिथेही गाईचं दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत. भांडी बदलली आणि आजार थांबला. जर्मनीतही काही बाळांना असाच आजार झाला, तिथे मात्र भांड्याचा संबंधच नव्हता. विहिरीचं आम्लधर्मी पाणी तांब्याच्या पाइपांतून घरात येई, आणि त्यातच बाळाच्या दुधाची पावडर कालवली जाई.

म्हणजे धातूला शिव्या देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : त्यात काय ठेवलं, किती वेळ ठेवलं आणि ते कोणाच्या पोटात गेलं. ज्यांच्या घरी तांब्याचे पाइप आहेत आणि वरच्या दुधावरचं बाळ आहे, त्यांनी माझ्या पुढच्या लेखाची वाट पाहू नये. पावडर कालवायला गीझरचं पाणी घेऊ नका. सकाळी थंड पाण्याचा नळ थोडा वेळ वाहू द्या, ते पाणी बादलीत धरून झाडांना घाला, आणि मगच बाळासाठी भांडं भरा. किती वेळ वाहू द्यायचं, ते पाइपाच्या लांबीवर ठरतं. तो हिशेब पुढच्या आठवड्यात नक्की.