बीबीएसच्या काळात नियमच नव्हते? आधी तो दस्तऐवज वाचा

“इंटरनेट येण्याआधी जो तो मनाला येईल तसे मेसेज पाठवायचा. नियमबियम काही नव्हते, आणि जे वाद व्हायचे ती हौशी पोरांची हमरीतुमरी.” संगणकाच्या इतिहासाचा विषय निघाला की कोणीतरी हे ठोकून देतंच. रोज सॉफ्टवेअर लिहिणारी माणसंही जेव्हा असं बोलतात, तेव्हा चीड येते. कारण हे तपासून पाहायला फारसे कष्ट पडत नाहीत. नियम लिहिलेले होते, त्यांना क्रमांक होते आणि ते आजही वाचायला मिळतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे बीबीएस, हा टेलिफोन लाइनला जोडलेला संगणक असे. मॉडेमने फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपले लिहायचे. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फेब्रुवारी 1978मध्ये शिकागोत असा पहिला बोर्ड सुरू केला. 1984मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी आपल्या ‘फिडो’ या प्रोग्रॅमला एक नवी सोय दिली: रात्री, फोनचे दर उतरल्यावर, एका बोर्डाने दुसऱ्याला स्वतःहून फोन लावायचा आणि निरोपांची देवघेव करायची. त्यातून फिडोनेट उभं राहिलं. 1986च्या सुमारास डॅलसच्या जेफ रश यांनी त्यावर ‘इकोमेल’ आणलं आणि एकच चर्चा अनेक बोर्डांवर एकदम चालू लागली. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत या जाळ्यातले संगणक तीस हजारांच्या पुढे गेले होते. त्यावर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले वेगवेगळे प्रोग्रॅम चालत. एकाने बांधलेला निरोप दुसऱ्याला उलगडता आला नसता, तर हे जाळं आठवडाभरही टिकलं नसतं.

तो निरोप कसा बांधायचा हे ‘एफटीएस-0001’ या दस्तऐवजात लिहिलेलं आहे. रँडी बुश यांनी तो तयार केला. पाठवणाऱ्याचं नाव जास्तीत जास्त 36 बाइट, घेणाऱ्याचं 36, विषय 72, तारीख-वेळ बरोबर 20. मजकुराला लांबीची मर्यादा नाही; शून्य किमतीचा बाइट आला की मजकूर संपला. परिच्छेद संपला की 13 क्रमांकाचा बाइट, म्हणजे कॅरेज रिटर्न. 10 क्रमांकाचा लाइनफीड आला तर दुर्लक्ष करायचं. आणि लांब ओळ पडद्याच्या रुंदीनुसार मोडायची, ते काम निरोप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं. ‘तेव्हा 80 अक्षरांवर ओळ तोडायची सक्ती होती’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढं एकच कलम वाचलं तरी पुरे. पडदे 80 अक्षरांचे होते, म्हणून लोक तशा ओळी तोडत. ती सवय होती. नियम नेमका उलटं सांगत होता.

आता वादाकडे येऊ. ते वाद क्षुल्लक होते का? एकच बाइट घेऊन बघू, क्रमांक 141. वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम पडद्यावर ओळ आपोआप मोडताना साध्या रिटर्नऐवजी ‘सॉफ्ट रिटर्न’ ठेवत: 13मध्ये 128 मिळवले की 141. हा लेखकाने मुद्दाम दिलेला रिटर्न नाही, म्हणून एफटीएस-0001ने सांगितलं की 141 दिसला तर तो सोडून द्यावा. इंग्रजी मजकुरात यात काहीच बिघडत नव्हतं; इंग्रजीची सगळी अक्षरं 128च्या आतच बसतात.

पण 1990च्या दशकात फिडोनेट रशियात पसरलं. तिथल्या डॉस संगणकांवर ‘कोड पेज 866’ वापरात होतं आणि त्यात 141 या जागी होतं रशियन लिपीतलं ‘न’चं कॅपिटल अक्षर. नियम तंतोतंत पाळणारा प्रोग्रॅम ते अक्षर गिळून टाकायचा. ‘न्येत’, म्हणजे ‘नाही’, या शब्दाने वाक्य सुरू केलं की पलीकडे पहिलं अक्षर गायब. रशियन वापरकर्त्यांनी त्यावर तोड काढली: त्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं इंग्रजी ‘एच’ टाइप करायचं. वाचणाऱ्याला फरक कळत नसे. शब्द शोधणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र तो वेगळाच शब्द वाटे. युनिकोडच्या आधी ज्यांनी एका फाँटमधली मराठी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहिली आहे, त्यांना ही तडफड समजावून सांगायला नको. देवनागरीसाठी 1991मध्ये ठरलेल्या इस्की मानकात अक्षरं 161पासून पुढे मांडली होती, म्हणून 141चा हा घाला तिच्यावर पडण्यासारखा नव्हता. लिपी कोणतीही असो, मजकुरातला कुठला बाइट टाकून द्यायचा हा भाषा जपण्याचा प्रश्न होता. त्यावर भांडणारी माणसं रिकामटेकडी नव्हती.

दुसरा मोठा वाद अवतरणांचा. आधीचा आख्खा निरोप खाली चिकटवून वर ‘मलाही असंच वाटतं’ एवढंच लिहिलं की लोक चिडत. 2400 बिट वेगाच्या मॉडेममधून सेकंदाला साधारण 240 अक्षरं जातात. हजार अक्षरांचं अनावश्यक अवतरण म्हणजे प्रत्येक कॉलमागे चार सेकंद जास्त, आणि तोच निरोप पुढे किती तरी बोर्डांकडे जायचा. बिल बोर्ड चालवणारे भरत, बहुतेक जण स्वतःच्या खिशातून. अवतरण कापा, असं ते सांगत होते ते शिष्टाचाराच्या हौसेने नव्हे.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘सगळे नियम जेनिंग्ज यांनी एकट्याने लादले.’ चूक. इकोमेलचा दस्तऐवज, एफटीएस-0004, बॉब हार्टमन यांचा आहे. आणि प्रचलित पद्धती तपासून त्या मानक म्हणून नोंदवायला एक तांत्रिक समिती होती.

‘निरोपाखालच्या त्या विचित्र ओळी म्हणजे नुसती सजावट.’ चूक. ‘ओरिजिन’ ओळीत निरोप कुठून निघाला त्याचा पत्ता असे. ‘सीन-बाय’ ओळींत तो कोणत्या बोर्डांपर्यंत पोचला आहे त्याची यादी. ती यादी कापली की तोच निरोप पुन्हा पुन्हा फिरू लागे.

‘कोणतं उत्तर कोणत्या निरोपाला, हे जोडणं इंटरनेटने शिकवलं.’ फिडोनेटमध्ये 1991च्या एफटीएस-0009ने प्रत्येक निरोपाला ओळखक्रमांक दिला. एका बोर्डाने तोच क्रमांक तीन वर्षांत पुन्हा वापरायचा नाही, ही अटही घातली.

‘फिडोनेट म्हणजे इंटरनेटचंच बाळरूप.’ नाही. ते फोन कॉलवर चालणारं स्वतंत्र जाळं होतं. दोघांना जोडणारे गेटवे नंतर आले.

नियम होते, आणि नियमांत चुकाही होत्या. 141चं कलम लिहिताना इंग्रजीपलीकडची लिपी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. त्याची किंमत दुसऱ्या भाषेने मोजली. त्या काळाला ‘बेशिस्त’ म्हणून निकालात काढलं की ही चूक कुठल्या ओळीत होती तेच शोधायचं राहून जातं. मग नवं मानक लिहिणारे तीच चूक पुन्हा करतात, आणि ती पहिल्यांदा जाणवते इंग्रजी न लिहिणाऱ्यांना. आपण त्यांच्यातलेच आहोत. म्हणून हे जुने दस्तऐवज वाचणं आणि त्यातल्या प्रत्येक बाइटवर प्रश्न विचारणं हे आपलंही काम आहे.